लेहचे ऋतुमान आणि प्रथमच जाणाऱ्या प्रवाशाची तयारी

लेहला जायचे ठरले की बहुतेक जण आधी तापमानाचा आकडा शोधतात. तो सहज सापडतो: जुलैमध्ये दुपारी साधारण २५ अंश सेल्सिअस, जानेवारीच्या पहाटे उणे १५ अंशांच्या आसपास. एवढ्या माहितीवर बॅग भरून निघालेल्या प्रवाशाची मात्र हमखास गैरसोय होते, कारण समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात आपला दिवस कसा जाईल हे हवेचा विरळपणा, उन्हातला आणि सावलीतला फरक, दुपारनंतर सुटणारा वारा आणि त्या आठवड्यात कोणती खिंड वाहतुकीस खुली आहे या चार गोष्टींवर ठरते. तापमानाचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून प्रथमच जाणाऱ्याने तयारी कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे मांडले आहे.

प्रथम तिथली हवा समजून घ्यावी

लेह हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेला, सिंधू नदीच्या खोऱ्यात आहे. नैऋत्य मोसमी वारे आपले बहुतेक बाष्प या रांगेच्या दक्षिण उतारावर रिते करतात आणि पलीकडे पोहोचते ती कोरडी हवा. त्यामुळे लेहमध्ये वर्षभरात पाऊस आणि हिम मिळून सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाणी पडते. ज्यांना ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हटल्यावर धुके, ओली झाडी आणि रिमझिम पाऊस आठवतो, त्यांनी ते चित्र घरीच ठेवावे. लेह हे थंड वाळवंट आहे आणि तिथला हिरवा रंग हा पाटाचे पाणी पोहोचते तेवढ्यापुरताच असतो.

कोरड्या आणि विरळ हवेत उष्णता टिकत नाही. ऊन असेपर्यंत दगड, भिंती आणि माणसे चांगली तापतात. सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात स्वेटर शोधावा लागतो. जुलैतही दुपारचे २५ अंश पहाटे १० अंशांपर्यंत उतरतात. एकाच रस्त्याच्या उन्हातल्या बाजूने चालताना जॅकेट नकोसे होते आणि सावलीतल्या बाजूला गेल्यावर त्याचीच चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते. हा फरक हिवाळ्यात अधिक तीव्र होतो. म्हणून खोली घेताना ती दक्षिणेकडे तोंड करून आहे का आणि दिवसा तिच्यात ऊन येते का, हे विचारणे खोलीत दूरदर्शन संच आहे का हे विचारण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. साधारणपणे दर हजार मीटर चढल्यावर तापमान साडेसहा अंशांनी उतरते. लेहहून खारदुंग ला ही खिंड सुमारे १,८०० मीटर अधिक उंच, म्हणजे ५,३५९ मीटरवर आहे. शहरात २० अंश असताना तिथे जेमतेम ८ अंश असतील आणि वाऱ्यामुळे ते त्याहून खूपच कमी भासतील. ढग आले तर जूनमध्येही तिथे बर्फ पडतो. याउलट खिंडीपलीकडचे नुब्रा खोऱ्यातील दिस्कित हे गाव लेहपेक्षा कमी उंचीवर, सुमारे ३,१५० मीटरवर असल्याने तिथे हवा अधिक उबदार असते. पँगाँग सरोवर ४,२५० मीटरच्या आसपास आहे आणि त्सो मोरीरी हे सरोवर ४,५०० मीटरपेक्षा उंच. तात्पर्य, मोबाइलवर दिसणारा लेहचा हवामान अंदाज हा फक्त लेह शहरापुरता मानावा आणि पुढच्या प्रत्येक मुक्कामाची उंची पाहून त्यात स्वतः बेरीज-वजाबाकी करावी.

मग ऋतू निवडावा

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ हा लेहचा उन्हाळा आणि पर्यटनाचा मुख्य हंगामही. श्रीनगर आणि मनालीहून येणारे दोन्ही प्रमुख महामार्ग खुले असतात, हॉटेले आणि सरोवरांकाठचे तंबू सुरू असतात, दिवस मोठे असतात. नवख्या प्रवाशाने, विशेषतः मुले किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर, हाच काळ निवडावा. गर्दी असते, दर चढे असतात, हे मान्य करूनही हा सल्ला बदलत नाही, कारण या काळात काही बिघडले तर ते निस्तरण्याचे मार्ग सर्वाधिक असतात.

या काळाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. लेह पर्जन्यछायेत आहे म्हणून तिथे पावसाळ्यात निर्धास्त जावे, असे सर्रास सांगितले जाते. लेहपुरते ते बहुतांशी खरे आहे. परंतु मनालीहून येणारा रस्ता ज्या हिमाचलातून जातो तिथे जुलै आणि ऑगस्टमध्ये जोरदार पाऊस असतो, दरडी कोसळतात आणि वाहतूक तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस थांबते. शिवाय लडाखच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर पाणी अडवणारे गवत-झाड काहीच नसल्याने थोड्या वेळात पडलेला जोराचा पाऊस माती आणि दगडांचा लोंढा घेऊन खाली येतो. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली तेव्हा लेहजवळचे चोगलमसर आणि लेह शहराचा काही भाग चिखलाखाली गेला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशी घटना विरळा असते. तरीही कोरड्या दिसणाऱ्या नाल्याच्या पात्रात किंवा त्याच्या तोंडाशी तंबू ठोकू नये आणि संध्याकाळी वरच्या डोंगरावर काळे ढग दाटले असतील तर तिथला मुक्काम हलवावा, एवढी सावधगिरी दर उन्हाळ्यात पाळण्यासारखी आहे.

उन्हाळ्यात लेह तापूही शकते, हे नव्यानेच अनुभवाला येऊ लागले आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस तिथे इतकी उष्णता होती की काही विमाने रद्द करावी लागली. मूळची विरळ हवा तापल्यावर आणखी विरळ होते आणि मग विमानाला उड्डाणासाठी पुरेसा उठाव मिळत नाही. लेहची विमाने मुख्यतः सकाळच्या वेळेतच का असतात, याचे उत्तरही यातच आहे. दुपारी उष्णतेच्या जोडीला दरीतला वाराही वाढतो.

सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा माझ्या मते लेहचा सर्वांत चांगला काळ आहे. आकाश नितळ असते, नद्यांचे गढूळ पाणी निवळून निळसर होते, पॉप्लर आणि विलोची झाडे पिवळी पडतात आणि गर्दी ओसरते. रात्री मात्र पारा शून्याखाली जाऊ लागतो आणि सरोवरांकाठचे तंबू एकेक करून बंद होतात. ज्याला थंडीची थोडीफार सवय आहे आणि ज्याच्या सुट्टीवर शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नाही, त्याने या काळाचा आधी विचार करावा.

एप्रिल आणि मे हे फसवे महिने आहेत. खालच्या, उबदार गावांमध्ये, म्हणजे सिंधूच्या खालच्या अंगाच्या शाम भागात आणि नुब्रातील तुर्तुकसारख्या ठिकाणी, एप्रिलमध्ये जर्दाळूची झाडे फुलतात आणि छायाचित्रे पाहून वसंत आला असे वाटते. लेह शहरात तेव्हा झाडे अजून निष्पर्ण असतात, रात्री गोठवणाऱ्या असतात आणि मनालीचा रस्ता बहुधा बंदच असतो. शिवाय हा पाणीटंचाईचा काळ आहे: शेतीची पेरणी तोंडावर आलेली असते, पण उंचावरच्या हिमनद्या अद्याप वितळू लागलेल्या नसतात. लडाखी अभियंते चेवांग नोर्फेल यांनी उभारलेल्या कृत्रिम हिमनद्या आणि सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप हे याच दोन महिन्यांच्या टंचाईवरचे उपाय आहेत; हिवाळ्यात वाहून जाणारे पाणी गोठवून ठेवायचे आणि वसंतात ते हळूहळू वितळू द्यायचे. पाहुण्याने या काळात बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी आणि कपडे धुण्याचा बेत घरी परतेपर्यंत लांबवावा.

हिवाळ्यात जायचे असल्यास

नोव्हेंबर ते मार्च या काळातील लेह हे जवळजवळ वेगळेच गाव असते. ऋतूचा स्वभाव पश्चिमेकडून येणाऱ्या चक्रावातांवर अवलंबून असतो: एखादा आला की दोन-तीन दिवस ढग, हिम आणि रद्द झालेली विमाने, तो सरकला की पुन्हा लख्ख ऊन आणि हाडे गोठवणारी रात्र. बर्फ शहरात फार साचत नाही, कारण मुळात बाष्पच कमी असते. त्यामुळे गुडघाभर बर्फात खेळण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होते. तिथे असते ती थंडी, कोरडी आणि सलग.

या थंडीत पहिला परिणाम होतो तो पाण्यावर. नळ फुटू नयेत म्हणून जलवाहिन्या रिकाम्या करून ठेवतात, अनेक हॉटेले पूर्णपणे बंद होतात, आणि जी चालू असतात तिथेही बऱ्याचदा गरम पाणी बादलीने मिळते. काही ठिकाणी पारंपरिक कोरडी शौचालये वापरावी लागतात. त्यात पाण्याऐवजी माती किंवा राख टाकतात आणि पाणी ओतणे हा तिथे अपराधच समजावा. रात्री उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी गोठलेली आढळणे ही नवलाची गोष्ट नाही. ती पांघरुणात घेऊन झोपावी किंवा थर्मास वापरावा. मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही थंडीने झपाट्याने उतरतात, त्यांना आतल्या खिशात अंगाशी ठेवावे. बाहेरून उबदार खोलीत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये. तो बॅगेतच हळूहळू कोमट होऊ द्यावा, नाहीतर भिंगावर दव साचते.

खोली तापवण्यासाठी बुखारी, म्हणजे लाकूड, कोळसा किंवा रॉकेलवर चालणारी शेगडी, किंवा गॅसचा हीटर देतात. येथे अत्यंत काटेकोर राहावे. बंद खोलीत ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो, झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही, आणि त्याने होणारी डोकेदुखी ही उंचीमुळे झालेली आहे असे समजून दुर्लक्ष होते. धूर बाहेर नेणारी नळी आहे याची खात्री करावी, खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि झोपण्यापूर्वी बुखारी विझवावी. रात्र जाड रजया आणि गरम पाण्याच्या पिशवीवर काढता येते. गॅसचा हीटर चालू ठेवून झोपणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

स्वतःचे डिझेल वाहन घेऊन हिवाळ्यात जाण्याचा विचार नवख्याने करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे डिझेल तीव्र थंडीत घट्ट होऊन वाहेनासे होते. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल २०१९ मध्ये लडाखसाठी आणले ते याच अडचणीमुळे. इंधनाचा प्रश्न सुटला तरी गोठलेल्या रस्त्यावर वाहन चालवण्याचा प्रश्न उरतोच.

इतके असूनही हिवाळ्यात जाणारे जातात, आणि त्यांच्यापाशी कारणेही चांगली असतात. हिमबिबट्या खालच्या उतारांवर येत असल्याने जानेवारी ते मार्च हा तो दिसण्याचा काळ आहे. पँगाँगचे खारे पाणीही या दिवसांत गोठते. गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालत जाण्याचा चादर ट्रेक जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत होतो. त्यासाठी लेहमध्ये विश्रांती आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. तथापि, ज्याचे शरीर या उंचीवर कसे वागते हे ज्याला अजून ठाऊक नाही, त्याने लेहची पहिली ओळख जानेवारीत करून घेऊ नये.

कसे पोहोचायचे हे हवामान पाहून ठरवावे

रस्त्याने येण्याचे प्रमुख मार्ग दोन. श्रीनगरहून लेह सुमारे ४२० किलोमीटर आहे. हा मार्ग ३,५२८ मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीतून जातो, कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर मुक्काम घडतो आणि शरीराला चढाईची सवय टप्प्याटप्प्याने होते. ही खिंड हिवाळ्यात हिमकड्यांमुळे बंद होते. सीमा रस्ते संघटनेच्या प्रयत्नांमुळे ती अलीकडे मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्येच खुली होऊ लागली आहे. प्रवाशांच्या गाड्यांना मात्र सुरुवातीचे काही दिवस ठरावीक वेळेतच आणि एकाच दिशेने सोडतात.

मनालीचा मार्ग अधिक नाट्यमय आणि अधिक कठीण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा चढ टळला, पण पुढे बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि ५,३०० मीटरपेक्षा उंच तांगलांग ला या खिंडी ओलांडाव्याच लागतात. हा मार्ग साधारणपणे मे किंवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भरवशाचा असतो. येथे नवख्याची चूक होते ती मुक्कामाच्या निवडीत. नकाशावर सारचू हे मध्यावर दिसते म्हणून तिथे रात्र काढतात. पण सारचू सुमारे ४,२९० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही बरेच उंच आहे आणि मनालीहून एका दिवसात तिथवर चढून झोपणाऱ्यांपैकी अनेकांची रात्र डोकेदुखी आणि उलट्यांमध्ये जाते. त्याऐवजी जिस्पा किंवा केलाँग येथे, ३,१०० ते ३,२०० मीटरच्या पट्ट्यात, एक किंवा दोन रात्री राहून दुसऱ्या टप्प्यात पहाटे निघून थेट लेह गाठणे श्रेयस्कर. दिवस लांबलचक होतो, परंतु झोप मात्र योग्य उंचीवर मिळते.

विमानाने आल्यास वेळ वाचतो आणि त्याची किंमत शरीर मोजते. दिल्लीहून तासा-सव्वातासात आपण जिथे उतरतो, त्या कुशोक बकुला रिम्पोछे विमानतळाची उंची ३,२५६ मीटर आहे आणि लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. म्हणून विमानाने येणाऱ्याने पहिले दोन पूर्ण दिवस लेहमध्येच काढायचे, हे बेत आखताना आधीच लिहून ठेवावे. ‘बरे वाटले तर दुसऱ्या दिवशी पँगाँग’ अशी पळवाट ठेवू नये. अनेकांना पहिले काही तास उत्साही वाटते आणि त्रास सुरू होतो तो संध्याकाळनंतर किंवा पहिल्या रात्री.

पहिले ४८ तास

पहिल्या दिवशी खोलीवर पोहोचून विश्रांती घ्यावी, दुपारी सावकाश चालत बाजारापर्यंत जाऊन यावे, जिना चढताना थांबावे, भरपूर पाणी प्यावे, मद्य आणि धूम्रपान टाळावे, जेवण हलके ठेवावे. दुपारी गाढ झोपण्यापेक्षा नुसते पडून राहणे बरे. रात्री झोप तुटक लागते. श्वास क्षणभर थांबून मग एकदम खोल येतो आणि माणूस दचकून जागा होतो. या उंचीवर हे नेहमीचे आहे, त्याला घाबरू नये. नाक कोरडे पडते, सकाळी त्यातून रक्ताचा ठिपका येतो, ओठ फुटतात. नाकाला आतून आणि ओठांना व्हॅसलीन लावले की बराच फरक पडतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि थकवा ही उंचीच्या त्रासाची सौम्य लक्षणे आहेत. ती असेपर्यंत आणखी वर जायचे नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नये. बरोबरच्या सगळ्यांनी गाडी ठरवली आहे हे कारण तर मुळीच चालणार नाही. विश्रांतीनंतरही धाप लागणे, सतत खोकला, सरळ रेषेत चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धपणा येणे ही गंभीर लक्षणे आहेत: फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची ती चिन्हे असू शकतात आणि अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उंचीच्या आजारावर सर्वत्र ‘ताबडतोब खाली उतरा’ असे सांगतात, पण लेहमधून खाली उतरणे सोपे नाही, कारण मनालीच्या दिशेने जाताना आधी उंच खिंडी चढाव्या लागतात आणि श्रीनगरच्या वाटेवरही ४,१०० मीटरची फोटू ला आडवी येते. म्हणून लेहमध्ये उपचाराचा भर ऑक्सिजनवर असतो आणि गरज पडल्यास रुग्णाला विमानाने दिल्लीला हलवतात. रोग होऊ न देण्याचे महत्त्व इथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे ते यासाठी.

अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी घेतात आणि ते चढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर विशेषकरून. त्याने लघवी वाढते आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हे आधी माहीत असले की ऐनवेळी घाबरगुंडी उडत नाही. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे लहान डबे मिनिटांत संपतात. त्यांच्यावर भिस्त ठेवून वर जाण्यात अर्थ नाही. लेहनंतरच्या मुक्कामांची आखणी करताना झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या हिशेबाने आधी नुब्रा आणि मग पँगाँग हा क्रम योग्य ठरतो, कारण नुब्रात झोपण्याची उंची लेहपेक्षा कमी असते. पँगाँग लेहपेक्षा सुमारे ७५० मीटर उंच असल्याने तिथे मात्र हा नियम पाळला जात नाही; नेहमीच्या बेतात तिथे एकच रात्र असते. ज्याला ती जड जाईल असे वाटते त्याने पहाटे निघून संध्याकाळी लेहला परत यावे.

कपडे आणि सामान

एकच जाडजूड कोट नेण्याऐवजी काढता-घालता येणारे थर न्यावेत: अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा कपडा, आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट. लेहमध्ये उन्हाळ्यात दुपारी सदऱ्यावर भागते आणि खारदुंग लाला तीनही थर एकदम लागतात, तेही एकाच दिवशी. सुती बनियन घामाने ओले होऊन अंगावर थंड पडते, ते टाळावे. हिवाळ्यासाठी या तिन्हींवर पिसांचे जॅकेट, कान झाकणारी टोपी, दोन थरांचे हातमोजे आणि आतून उबदार असलेले बूट हवेत. बूट थोडे सैल घ्यावेत. दोन पायमोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि पाय अधिकच गारठतात.

उन्हाची तयारी थंडीच्या तयारीइतकीच गंभीरपणे करावी. दर हजार मीटरमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील बहुतांश किरण परत वर फेकतो, त्यामुळे टोपी घालूनही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत त्वचा भाजते. सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी लावावे आणि अतिनील किरण रोखणारा चांगल्या प्रतीचा गॉगल मुलांनाही द्यावा. बर्फावर उघड्या डोळ्यांनी काही तास काढल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

औषधे, चष्म्याची दुसरी जोडी आणि रोख रक्कम जवळ असावी, कारण शहराबाहेर एटीएम क्वचितच आहेत आणि बाजाराच्या वेळा हिवाळ्यात आक्रसतात. इतर राज्यांतील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते.

रोजचा बेत घड्याळ पाहून आखावा

उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला भल्या सकाळी निघावे, हा लेहमधल्या प्रत्येक चालकाचा आग्रह असतो आणि तो मानावा. ऊन चढले की वरचा बर्फ वितळू लागतो आणि सकाळी घोट्याएवढे पाणी असलेला नाला दुपारी तीन-चारपर्यंत रस्त्यावरून धडधडत वाहू लागतो. पँगाँगच्या वाटेवरच्या एका प्रवाहाला ‘पागल नाला’ असे नावच पडले आहे. त्यातून सकाळी गाड्या सहज पार होतात आणि दुपारनंतर तिथेच रांगा लागतात. खिंडींवर ढगही दुपारनंतरच जमतात. पाण्याच्या कडेला उतरण्यापूर्वी पुढची गाडी कशी जाते ते पाहावे आणि चालक नको म्हणाला तर हट्ट धरू नये.

ऑक्टोबरपासून मात्र हाच नियम उलटतो. पहाटे सावलीतल्या वळणांवर रात्री झिरपलेल्या पाण्याचा पारदर्शक थर गोठलेला असतो. तो डांबरासारखाच काळा दिसतो आणि त्यावर ब्रेक लावणे म्हणजे गाडीवरचा ताबा सोडणे. या दिवसांत खिंडीवर ऊन पोहोचेपर्यंत थांबावे आणि सूर्य मावळण्याच्या आत खाली उतरावे, म्हणजे प्रवासाला मिळणारे तास आपोआप कमी होतात हे गृहीत धरावे.

सरोवरांकाठी आणि नुब्रातील हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर दुपारनंतर वारा जोर धरतो. छायाचित्रे आणि निवांत भटकंती सकाळसाठी राखून ठेवावी. संध्याकाळी तंबूच्या दोऱ्या एकदा तपासून आत बसावे.

परतीच्या आधी मोकळा दिवस

निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाच्या लेह केंद्राचा अंदाज आणि रस्त्यांची त्या दिवशीची स्थिती पाहावी; रस्ते रोज सकाळी बदलू शकतात, त्यामुळे आठवडाभर जुन्या माहितीचा उपयोग नसतो. पँगाँग, नुब्रा किंवा त्सो मोरीरीहून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांमध्ये उन्हाळ्यात किमान एक आणि हिवाळ्यात दोन मोकळे दिवस ठेवावेत. खिंडीवर अवेळी बर्फ पडला तर नुब्रात अडकून पडण्याची वेळ येते, आणि ढगांमुळे एका सकाळची विमाने रद्द झाली की दुसऱ्या दिवशीची आधीच भरलेली असल्याने जागा मिळायला वेळ लागतो. दिल्लीहून पुढच्या प्रवासाचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. काढलेच, तर सकाळच्या विमानानंतर संध्याकाळची गाडी घ्यावी आणि दोन्ही तिकिटांचे रद्द करण्याचे नियम आधी वाचून ठेवावेत. विमानतळावर जाताना जॅकेट आणि रोजची औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत, म्हणजे विमान रद्द होऊन सामान परत मिळायला उशीर झाला तरी हॉटेलात परतताना कुडकुडावे लागत नाही.